मृतांचे स्मरण आणि झाशी : नाव, तिथी, शिला आणि कथन

मृत्यूनंतर माणसाचे काय उरते, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. मागे राहिलेल्यांनी त्याचे काय राखायचे आणि ते कसे राखायचे, हा मात्र समाजव्यवहाराचा प्रश्न आहे. प्रत्येक समाज या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काही ठरीव साधनांनी देत आला आहे. मृताचे नाव पुढच्या पिढीला देणे, मृत्यूची तिथी पाळणे, दहनस्थळी वा अन्यत्र शिला उभारणे आणि मृताची हकीकत सांगणे ही त्यांतील प्रमुख साधने होत. या चारही साधनांचा उद्देश एकच असला तरी प्रत्येकाची क्षमता व मर्यादा वेगळी आहे. नाव वंशापुरते चालते, तिथी विधी करणारा असेपर्यंत टिकते, शिलेला सत्तेची वा धनाची गरज असते आणि कथनाला कोणीतरी जिवंत साक्षीदार लागतो.

मराठी भाषकांच्या इतिहासात ही चारही साधने एकाच ठिकाणी आणि अल्प काळात कसोटीला लागल्याचे उदाहरण म्हणून झाशीचा विचार करता येतो. झाशी हे मराठी मुलखापासून दूरचे, बुंदेलखंडातील नगर. ओरछाच्या वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये बांधलेल्या किल्ल्याभोवती नारोशंकरांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७४२ नंतर, वस्ती वाढली. पुढे रत्नागिरीकडून आलेल्या नेवाळकर घराण्याकडे तेथील सुभेदारी आली आणि तिच्यासोबत पुजारी, कारकून, शिलेदार, आश्रित अशी मराठी कुटुंबे तेथे स्थिरावली. गावापासून तुटलेल्या अशा कुटुंबांना आपल्या मृतांचे स्मरण परमुलखात नव्याने मांडावे लागते. कुलदेवतेचे देऊळ, पंचांग आणि श्राद्धविधी ही त्यांची गावाशी बांधलेली नाळ असते. झाशीच्या तलावाकाठचे महालक्ष्मीचे मंदिर हे नेवाळकरांनी अशा रीतीने परमुलखात आणलेले आपले दैवत होय.

नाव

झाशीच्या राजघराण्यातील दत्तकप्रकरणाकडे सामान्यतः राजकीय घटना म्हणून पाहिले जाते. तिच्या मुळाशी असलेली स्मरणाची बाजू तितकीशी चर्चिली जात नाही. गंगाधरराव व लक्ष्मीबाई यांना १८५१ मध्ये पुत्र झाला. त्याचे नाव दामोदरराव. तो चार महिन्यांचा होऊन वारला. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधररावांचे दुखणे विकोपाला गेले तेव्हा त्यांनी भाऊबंदांतील आनंदराव या लहान मुलाला दत्तक घेतले आणि त्याचे नाव बदलून दामोदरराव असे ठेवले. दुसऱ्याच दिवशी, २१ नोव्हेंबरला, गंगाधररावांचे निधन झाले.

मृत अपत्याचे नाव दत्तकाला देण्याची ही कृती दुहेरी अर्थाची आहे. तिच्यामुळे गेलेल्या मुलाचे नाव घरात पुन्हा उच्चारले जाऊ लागते. त्याचबरोबर, नव्याने आलेल्या मुलावर त्याच्या आधीच्या कोणाच्या तरी अपुऱ्या आयुष्याचा भार येतो. मराठी घरांत आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची पद्धत सर्वत्र परिचित आहे. तिच्यात पूर्ण जगून गेलेल्या माणसाचा गौरव असतो. चार महिन्यांच्या बालकाच्या नावात गौरवण्याजोगे चरित्र नसते. तेथे केवळ ते नाव रिकामे राहू नये अशी आईबापांची इच्छा असते.

दत्तकाचा शास्त्रोक्त हेतूही स्मरणाशीच निगडित आहे. पिता, पितामह व प्रपितामह यांना पिंडोदक देणारा कोणी तरी हवा, या धारणेवर दत्तकविधान उभे आहे. राज्य खालसा होऊ नये म्हणून लक्ष्मीबाईंनी कंपनी सरकारला जे खलिते पाठविले त्यांत हा मुद्दा स्पष्टपणे मांडलेला आहे. औरस पुत्राने दिलेले तर्पण आणि दत्तकाने दिलेले तर्पण यांत शास्त्र भेद करीत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. लॉर्ड डलहौसी यांनी फेब्रुवारी १८५४ च्या आपल्या टिपणात झाशी खालसा करण्याचा निर्णय दिला. दत्तकाला खासगी मालमत्तेचा वारसा मान्य करण्यात आला, राज्याचा नाही.

हा निर्णय स्मरणाच्या दृष्टीने पाहिला तर त्याचे स्वरूप ध्यानात येते. मुलाने पित्याचे श्राद्ध करावे, त्याचा दिवस पाळावा, याला सरकारची हरकत नव्हती. मात्र त्या श्राद्धाधिकाराबरोबर हिंदू समाजाच्या दृष्टीने येणारा सार्वजनिक वारसा त्यापासून तोडण्यात आला. स्मरण ही घरगुती बाब ठरली. दामोदररावांच्या मुंजीसाठी त्यांच्याच नावे ठेवलेल्या रकमेतून एक लाख रुपये काढताना लक्ष्मीबाईंना जामीन द्यावे लागले, ही घटना याच विभागणीचे फळ होय. पितरांचे ऋण फेडण्याचा अधिकार ज्या संस्काराने मुलाला मिळतो, त्याच्या खर्चालाही परक्या सत्तेची मान्यता लागली.

तिथी

स्मरणाचे दुसरे साधन तिथी. भारतीय कालगणनेत मृत्यूचा दिवस हा सौर दिनांकाने ठरत नाही. मास, पक्ष व तिथी यांनी तो ओळखला जातो. बाराव्या दिवशीच्या सपिंडीकरणाने मृत व्यक्ती प्रेतावस्थेतून सुटून पितरांत सामील होते, अशी श्रद्धा आहे. त्यानंतर वर्षश्राद्ध, प्रतिसांवत्सरिक श्राद्ध आणि भाद्रपद वद्य पक्षातील महालय अशा क्रमाने ती वर्षातून ठरावीक वेळी घरात आठवली जाते. या व्यवस्थेत दुःखाला मुदत आहे आणि स्मरणाला आवर्तन आहे. शोक पहिल्या वर्षात हळूहळू आवरता घ्यावा आणि आठवण मात्र दरवर्षी ताजी करावी, असा तिचा व्यवहारी बोध आहे.

लक्ष्मीबाईंच्या मृत्यूच्या दिवसाविषयी १७ जून १८५८ आणि १८ जून १८५८ असे दोन दिनांक आढळतात. मराठी परंपरेत ज्येष्ठ शुद्ध सप्तमी ही तिथी सांगितली जाते. इतिहासकाराला या दोन दिनांकांतील एका दिवसाचे अंतर खटकते. श्राद्ध करणाऱ्याला ते खटकत नाही, कारण त्याच्या लेखी तिथी हीच ओळख आहे. दिनांक घटनेला जगाच्या कालपटावर बसवितो, तर तिथी ती घटना घरातील वर्षाच्या चक्रात आणून ठेवते.

परंतु एप्रिल १८५८ मध्ये झाशीत मेलेल्यांची तिथी कोण सांगणार, हा खरा प्रश्न आहे. सर ह्यू रोज यांच्या सैन्याने ३ एप्रिलला शहराची तटबंदी ओलांडली. लक्ष्मीबाई किल्ल्यातून निसटल्यानंतरही शहरात कत्तल व लूट चालू राहिली. अनेक कुटुंबांत विधी करणारा पुरुषच उरला नाही. कित्येकांचा मृत्यू नेमका कोणत्या दिवशी झाला हे पाहणारे कोणी नव्हते. लक्ष्मीबाईंचे वडील मोरोपंत तांबे हे त्याच महिन्यात पकडले जाऊन झाशीत फाशी गेले. राजघराण्याशी संबंध असल्यामुळे त्यांच्या मृत्यूची नोंद तरी राहिली.

अशा मृतांसाठी शास्त्राने काही सोय करून ठेवली आहे, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. पितृपक्षातील चतुर्दशी ही शस्त्राने वा अपघाताने मृत्यू आलेल्यांसाठी राखलेली असते. मराठी पंचांगांत तिची नोंद शस्त्रादिहत पितृश्राद्ध अशी आढळते. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचे श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला होते. तर्पणविधीत तर ज्यांना पाणी देणारे कोणीच उरले नाही, अशा अनामिकांसाठीही ओंजळ सोडली जाते. जे कोणाचेच पितर नाहीत त्यांचीही आठवण विधीच्या चौकटीत सामावून घेण्याचा हा प्रयत्न आहे. मात्र त्याची मर्यादाही उघड आहे. या ओंजळीत नाव नसते. विधी अनामिकाला तृप्त करतो. तो कोण होता हे सांगू शकत नाही.

शिला

तिसरे साधन शिला. झाशीत आजही पाहता येणाऱ्या स्मारकांची एकमेकांशी तुलना केली असता शिलेचे सत्तेशी असलेले नाते स्पष्ट होते. लक्ष्मी तलावाजवळ गंगाधररावांची छत्री आहे. ती लक्ष्मीबाईंनी पतीच्या निधनानंतर बांधविली. पत्नीने पतीसाठी, राज्य हातचे जाण्याच्या उंबरठ्यावर उभारलेले हे स्मारक आहे. पुढे स्वतः लक्ष्मीबाईंना झाशीत अशी छत्री लाभली नाही. त्यांचा देह ग्वाल्हेरला पडला. तेथील साधूंच्या आश्रयाने घाईघाईत दहन झाले असे परंपरा सांगते, आणि त्यांची समाधी ग्वाल्हेरच्या फुलबागेत आहे. जून महिन्यात तेथे लोक श्रद्धांजलीसाठी जमतात.

झाशीतील जोखनबाग येथे ८ जून १८५७ रोजी सुमारे साठ युरोपीय स्त्री-पुरुष व मुले मारली गेली. पुन्हा सत्ता प्रस्थापित झाल्यावर इंग्रजांनी तेथे त्यांचे स्मारक उभारले. निरपराध मुलाबाळांच्या मृत्यूचे स्मरण ठेवले गेले यात गैर काहीच नाही. परंतु त्याच शहरात दहा महिन्यांनी मारल्या गेलेल्या नागरिकांसाठी तशी शिला उभी राहिली नाही. १८६१ मध्ये झाशी शहर शिंद्यांकडे गेले आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात ते पुन्हा इंग्रजांकडे आले. या दोन्ही कालखंडांत, पराभूत पक्षाच्या मृतांचे सार्वजनिक स्मारक कोणी मागणेही शक्य नव्हते.

किल्ल्याच्या आत मात्र वेगळ्या प्रकारची स्मृतिस्थळे आढळतात. तोफची गुलाम गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांच्या कबरी तेथे दाखविल्या जातात. किल्ल्याच्या रक्षणात कामी आलेल्या या तिघांत राजघराण्यातील कोणी नाही. मोतीबाई तर नाट्यकलेशी संबंधित स्त्री म्हणून लोकपरंपरेत ओळखली जाते. ज्यांच्यासाठी पंचांगात तिथी नाही आणि ज्यांच्या वंशाची कागदोपत्री माहिती नाही, अशा माणसांना येथे मातीनेच जागा दिली आहे. मराठी राज्याच्या स्मृतीत बिगरमराठी व बिगरहिंदू माणसांचे स्थान किती मध्यवर्ती होते, हे या कबरींवरून कळते.

कथन

नाव, तिथी व शिला ही तिन्ही साधने जेथे अपुरी पडतात तेथे कथनाचे काम सुरू होते. झाशीच्या बाबतीत हे काम एका गरीब भिक्षुकाने केले. कुलाबा प्रांतातील वरसई येथील विष्णुभट गोडसे हे आपल्या चुलत्यांसह १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल आणि घरावरील कर्ज फिटेल, ही त्यांची अपेक्षा होती. बंडाच्या धामधुमीत ते झाशीला पोहोचले आणि वेढ्याच्या काळात तेथेच अडकले. परतल्यावर सुमारे पंचवीस वर्षांनी, कल्याणच्या वैद्य घराण्यातील चिंतामण विनायक वैद्य यांच्या सूचनेवरून, त्यांनी ही हकीकत लिहून काढली. वैद्यांनी ती संपादित करून ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ मध्ये, गोडसे यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध केली.

या ग्रंथाचा विचार बहुधा बंडाचे साधन म्हणून वा मराठीतील आरंभीचे प्रवासवर्णन म्हणून केला जातो. मृतांच्या स्मरणाचा दस्तऐवज म्हणून त्याचे मोल वेगळे आहे. शहर पडल्यानंतरचे दिवस गोडसे यांनी लपूनछपून, भुकेल्या-तहानलेल्या अवस्थेत काढले. घराघरांतील मृत्यू, राजवाड्यातील नामांकित ग्रंथसंग्रहाचा नाश, आणि नंतर चौकाचौकांत प्रेतांच्या राशी रचून, घरांतील लाकूडफाटा वापरून त्यांना दिलेला अग्नी हे सर्व त्यांनी नोंदविले आहे. ज्यांना ऐपत व माणूसबळ होते त्यांनी आपल्या माणसांचे विधिवत दहन केले. बाकीच्यांची प्रेते सामुदायिक आगीत गेली. गोडसे हे व्यवसायाने भिक्षुक होते. मंत्राग्नी मिळालेला मृत्यू आणि न मिळालेला मृत्यू यांतील अंतर त्यांच्या दृष्टीने केवळ भावनेचे नव्हते. त्यामुळे त्यांच्या वर्णनात भयाबरोबरच विधिलोपाची खंतही आहे. शास्त्राने जे करता आले नाही ते त्यांच्याकडून लेखणीने घडले, असे म्हणता येते.

लक्ष्मीबाईंचे चित्रही या ग्रंथात देवतारूपात येत नाही. झाशी सोडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांची व गोडसे यांची अकस्मात गाठ पडते. धुळीने माखलेली, पुरुषी वेषातील, तहानलेली आणि स्वतःच्या नशिबाविषयी बोलणारी एक विधवा स्त्री तेथे दिसते. गेलेल्या व्यक्तीला आठवताना तिच्या पराक्रमाइतकीच तिची तहानही आठवावी, ही बखरींत क्वचितच आढळणारी दृष्टी येथे आहे.

या कथनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ते घटनेनंतर दोन तपांहून अधिक काळाने लिहिलेले आहे. ऐकीव व पाहिलेले यांची सरमिसळ त्यात आहे, कालक्रमातही चुका आहेत. शिवाय वाचकांपुढे जे प्रथम आले ते वैद्यांनी भाषा व मजकूर यांवर संस्कार केलेले रूप होते. पारतंत्र्यात सरकारी रोषाची धास्ती होती. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनातून १९६६ मध्ये उपलब्ध झाला. मृतांविषयीची साक्ष संपादकाच्या हातून जाताना तिच्यात काय राहते व काय गळते, याचा अभ्यास या दोन पाठांच्या तुलनेतून करता येतो.

लेखक परतताना आईवडिलांसाठी गंगाजलाची कावड घेऊन वरसईला आला, ही बाबही अर्थपूर्ण आहे. दक्षिणेसाठी निघालेला माणूस धन घेऊन परतू शकला नाही. त्याने जिवंत आईवडिलांना गंगास्नान घडविले आणि पुढे मृत शहराची हकीकत लिहिली. ‘माझा प्रवास’ या ग्रंथात या दोन्ही गोष्टी एकाच कर्तव्यबुद्धीने येतात.

स्मृतीचे वारस

मृतांची आठवण ठेवण्याचा अधिकार कोणाचा, हा अखेरचा प्रश्न आहे. रक्ताच्या वा दत्तकाच्या नात्याने तो दामोदररावांचा होता. आईच्या मृत्यूच्या वेळी ते जेमतेम आठ वर्षांचे होते. विश्वासू साथीदारांबरोबर रानोमाळ भटकल्यावर १८६० मध्ये त्यांना इंदूरला इंग्रज अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करण्यात आले. सालिना दहा हजार रुपयांच्या तनख्यावर ते तेथेच राहिले आणि १९०६ मध्ये वारले. त्यांच्या वंशजांनी झाशीवाले हे आडनाव लावले. राज्य गेले, किल्ला गेला, तरी गावाचे नाव कुटुंबाच्या नावात राहिले. दामोदररावांच्या नावे असलेली त्या भटकंतीची हकीकत य. न. केळकर यांनी १९५९ मध्ये ‘इतिहासाच्या सहली’त दिली. मार्टिन नावाच्या युरोपीय गृहस्थाने १८८९ मध्ये दामोदररावांना पत्र लिहून, त्यांच्या आईवर अन्याय झाला व जोखनबागेतील हत्येत तिचा हात नव्हता, असे कळविले होते. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी लक्ष्मीबाईंच्या १८९४ मधील चरित्रात ते उपयोगात आणले. पुत्राच्या दृष्टीने आईचे स्मरण म्हणजे तिच्यावरील आरोपाचे निराकरणही होते.

परंतु वारसा रक्तापुरता राहिला नाही. झाशीचे वकील व हिंदी कादंबरीकार वृंदावनलाल वर्मा यांचे पणजोबा १८५८ मध्ये झाशीच्या बाजूने लढताना मारले गेले. पणजीच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी हे वर्मांच्या १९४६ मधील ‘झाँसी की रानी’ या कादंबरीचे एक प्रेरणास्थान होते. महाश्वेता देवी यांनी बुंदेलखंडात हिंडून लोकगीते व आख्यायिका गोळा केल्या आणि १९५६ मध्ये बंगालीत चरित्र प्रसिद्ध केले. कोरी समाजातील झलकारीबाईची स्मृती दीर्घकाळ मौखिक परंपरेत होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती दलित समाजाच्या आत्मभानाचा भाग बनली आणि २००१ मध्ये भारतीय टपाल खात्याने तिच्या स्मरणार्थ तिकीट काढले. एकाच वेढ्यातील मृतांची आठवण मराठी भिक्षुक, हिंदी कादंबरीकार, बंगाली लेखिका आणि कोरी वस्तीतील गायक अशा वेगवेगळ्या वारसांनी जपली.

या विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, नाव, तिथी, शिला व कथन ही साधने एकमेकांना पर्याय नसून पूरक आहेत. एक खुंटले की दुसऱ्यावर भार येतो. झाशीत राज्य खालसा होऊन नावाचा सार्वजनिक अर्थ गेला, कत्तलीत तिथ्या हरवल्या, परक्या सत्तेत शिला उभ्या राहिल्या नाहीत. म्हणून कथनावर इतर ठिकाणी येत नाही इतका भार आला. दुसरा निष्कर्ष असा की, स्मरणात निवड अटळ आहे. लक्ष्मीबाईंच्या स्मृतीचे तेज वाढत गेले तसे, चौकातील राशींत गेलेल्यांचे मरण तिच्या कथेची पार्श्वभूमी बनले. ‘माझा प्रवास’चे पुनर्वाचन करताना ही पार्श्वभूमी स्वतंत्रपणे पाहणे आवश्यक आहे.

तिसरा निष्कर्ष बृहन्महाराष्ट्रातील मराठी समाजाशी संबंधित आहे. झाशी, ग्वाल्हेर, इंदूर, सागर, बडोदे अशा ठिकाणी स्थिरावलेल्या कुटुंबांकडे पितरांच्या तिथ्यांच्या वह्या, जुनी पत्रे, वंशावळी असतात. विधी सुटत चालले की या वह्याही निरुपयोगी समजून टाकल्या जातात. त्यांत तिथीपुढे दोन ओळी लिहिलेल्या असतील तर त्या माणसाविषयी उरलेल्या तेवढ्याच ओळी असण्याचा संभव असतो. झाशीच्या सामान्य मृतांसाठी तशी वही कोणी लिहिली नाही. त्या शहरातून जीव वाचवून परतलेल्या एका भिक्षुकाने म्हातारपणाच्या उंबरठ्यावर जे आठवले ते कागदावर उतरविले, म्हणूनच ती माणसे मेली कशी, हे आज सांगता येते.